तुराट्यांतली साखर आणि साठ अंशांवर जगणारे जीवाणू

पौष-माघात भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातली तुरीची खळी उरकतात. दाणे पोत्यांत जातात, भुसा गुरांपुढे जातो आणि बांधाला तुराट्यांचे ढीग उरतात. एके काळी या तुराट्यांना भरपूर गिऱ्हाईक होतं. त्यांचा कूड घालून वर शेणमातीचा गिलावा दिला की भिंत उभी राहायची, त्यांच्या टोपल्या विणल्या जायच्या, आणि चुलीला वर्षभर त्याच पुरायच्या. विटांची घरं आली, गॅसच्या टाक्या आल्या, आणि आता कितीतरी शिवारांत त्या ढिगांना काडी लागते. कलबुर्गी जिल्हा म्हणजे कर्नाटकातलं तुरीचं कोठार. गुलबर्गा तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. डाळीचं हे कौतुक योग्यच आहे, पण ती डाळ ज्या झाडाला लागते त्याच्या खोडाचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही.

उसाच्या भागात पाचट आहे. बीदर जिल्ह्यात मांजरा आणि कारंजाच्या पाण्यावर, तिकडे आळंद तालुक्यात भूसनूरच्या कारखान्याच्या आसपास ऊस उभा असतो. तोडणी झाली की एकरी ३ ते ४ टन वाळलं पाचट रानात पडतं, आणि खोडवा ठेवणारे पुष्कळ जण ते पेटवून मोकळे होतात. त्याआधी ऑक्टोबरात सोयाबीनचं भुसकट निघालेलं असतं, कुठे कापसाच्या पऱ्हाट्या असतात. ज्वारीचा कडबा मात्र या हिशेबात धरायचा नाही. तो बैलांचा आणि म्हशींचा घास आहे.

या सगळ्या काडीकचऱ्यात साखर आहे, आणि जिथे साखर आहे तिथे इंधन करता येतं. ती साखर सोडवण्याचं काम काही जीवाणू ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या तापमानात, म्हणजे आपला हात पोळेल अशा उष्णतेत, खुशाल करतात. ते कसं चालतं, कारखान्याच्या मापात ते अजून का उतरलेलं नाही आणि या मुलखात त्याची सुरुवात कुठून होऊ शकते, हे सावकाश पाहण्यासारखं आहे.

आधी काडीच्या आत डोकवू. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च आणि त्याच ज्वारीच्या ताटातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेचे बनलेले आहेत. फरक आहे तो जोडणीचा. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे रेणू एका विशिष्ट कोनात जोडलेले असल्याने साखळी वेटोळं घेते, तिच्यात पाणी शिरतं, आणि आपल्या तोंडातली लाळसुद्धा ती तोडू लागते. म्हणून भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचा रेणू आधीच्याच्या उलटा बसतो. त्यामुळे साखळी सरळसोट होते, आणि अशा कितीतरी सरळ साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात की मधे पाण्यालाही शिरकाव मिळत नाही. या जुडग्यांभोवती हेमिसेल्युलोजचं वेष्टन असतं. त्यातल्या साखरा वेगळ्या, मुख्यतः पाच कार्बनची झायलोज. आणि सगळ्या फटी लिंपून टाकणारं तिसरं द्रव्य म्हणजे लिग्निन. वाऱ्यात ताट उभं राहतं, तुराटी हाताने सहज मोडत नाही, ते लिग्निनमुळे. वाळलेल्या काडीत साधारण ३५ ते ४५ टक्के सेल्युलोज, २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि १५ ते २५ टक्के लिग्निन असतं. पिकानुसार हे प्रमाण बदलतं.

थोडा हिशेब करू. एक टन वाळल्या काडीत ४०० किलो सेल्युलोज धरलं, तर त्याचं पूर्ण विघटन होऊन सुमारे ४४४ किलो ग्लुकोज मिळेल. ग्लुकोजच्या वजनाच्या जास्तीत जास्त ५१ टक्के इथेनॉल होतं, उरलेला कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. म्हणजे सुमारे २२७ किलो, लिटरमध्ये २८७ च्या आसपास. हेमिसेल्युलोजच्या साखराही कामी लागल्या तर आकडा साडेचारशेच्या वर जातो. ही कागदावरची कमाल मर्यादा झाली. इंडियन ऑइलने पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा जो प्रकल्प उभारला, त्याचं लोकार्पण १० ऑगस्ट २०२२ रोजी झालं. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा आणि सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी. भागाकार केला तर टनाला १५० लिटर येतात. कागद आणि कारखाना यांतलं अंतर ते एवढं.

पानिपतचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं आहे. त्याचा क्रम समजून घेतला की उष्णताप्रिय जीवाणूंचं महत्त्व आपोआप कळतं. पेंढा बारीक करायचा. मग आम्ल आणि दाबाखालची वाफ वापरून तो उच्च तापमानाला शिजवायचा, म्हणजे लिग्निनचं लिंपण सैल होतं. मग ५० अंशांच्या आसपास आणून त्यात एन्झाइम, म्हणजे विकरं, घालायची. ती सेल्युलोज तोडून साखर करतात. मग आणखी थंड करून यीस्टच्या हवाली करायचं, कारण यीस्टला ३० ते ३४ अंश मानवतात. शेवटी ऊर्ध्वपातन. यातली विकरं ही मोठ्या खर्चाची बाब आहे, कारण ती वेगळ्या टाकीत, वेगळा कच्चा माल घालून बुरशीकडून करवून घ्यावी लागतात. ही बुरशी ट्रायकोडर्मा कुळातली. आपले शेतकरी मर रोगावर बियाण्याला जी ट्रायकोडर्मा चोळतात तिचीच बहीण. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले तेव्हा शास्त्रज्ञांचं लक्ष तिच्याकडे गेलं, आणि आज जगभरातली सेल्युलोज तोडणारी बहुतेक औद्योगिक विकरं तिच्या वंशजांकडून येतात.

आता असा विचार करा की विकरं तयार करणं, साखर सोडवणं आणि ती आंबवणं ही तीनही कामं एकाच टाकीत एकाच जिवाने केली तर? असे जीव आहेत, आणि ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. थंडीच्या सकाळी उकिरडा खोल उकरला की वाफ निघते हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं असतं. शेण, काडी, पालापाचोळा ओला असताना आधी साधे सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात. त्यांच्या श्वसनातून उष्णता बाहेर पडते, आणि ढिगाच्या पोटातून ती निसटू शकत नाही. तापमान ४५ च्या पुढे गेलं की त्या पहिल्या मंडळींचा जोर ओसरतो आणि ५५ ते ६५ अंशांवर फोफावणारे दुसरे जीव ढिगाचा ताबा घेतात. गरम पाण्याच्या झऱ्यांतही असे जीव राहतात. बीदरला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी उनकेश्वरचे झरे आहेत. तिथल्या पाण्यातल्या जीवाणूंची जनुकीय नोंद महाराष्ट्रातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. भाविक तिथे त्वचारोगावर उतारा म्हणून स्नान करतात, आणि त्याच पाण्यात जैवतंत्रज्ञानाला उपयोगी पडतील अशी विकरं शोधली जातात.

एवढ्या उष्णतेत हे जीव शिजून का जात नाहीत? अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं, कारण त्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडून एकमेकींत अडकतात. उष्णताप्रिय जीवाणूंच्या प्रथिनांच्या घड्या जास्त घट्ट बसलेल्या असतात. त्यांतले धन आणि ऋण विद्युतभाराचे भाग एकमेकांना जागोजागी धरून ठेवतात, त्यामुळे उष्णतेचे हिसके बसले तरी घडी सुटत नाही. पेशीभोवतालचं पातळ स्निग्ध आवरणही वितळून ढिलं पडणार नाही अशा मेदाचं असतं. उलट ३० अंशांवर आणलं की हेच जीव आळसावतात. त्यांची यंत्रणा त्या तापमानाला फार ताठर होते.

या कुळातला सगळ्यात जास्त अभ्यासलेला जीवाणू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम. अलीकडे वर्गीकरण बदलून त्याला असेटिव्हिब्रिओ थर्मोसेलस असंही म्हणतात, पण प्रयोगशाळांत जुनं नावच रुळलेलं आहे. त्याचं पहिलं वर्णन १९२६ मध्ये फिल्युन, फ्रेड आणि पीटरसन यांनी केलं. ६० अंश हे त्याचं आवडतं तापमान, आणि ऑक्सिजन त्याला अजिबात खपत नाही. त्याची खरी करामत मात्र १९८३ मध्ये उघड झाली. इस्रायलमधले राफाएल लॅमेड आणि एडवर्ड बायर हा जीवाणू सेल्युलोजला इतका घट्ट कसा चिकटतो याचा छडा लावत होते. त्यांना पेशीच्या अंगावर विकरांचे मोठाले संच चिकटलेले आढळले. या संचाला त्यांनी सेल्युलोसोम म्हटलं.

बुरशी आपली विकरं पाण्यात सोडून देते. ती सुटी फिरतात, ज्याला जिथे सापडेल तिथे काम करतं. थर्मोसेलमचं तसं नाही. ऊसतोडीची टोळी फडात उतरते तेव्हा कोयता चालवणारा, पाचट सोलणारी, मोळी बांधणारी, मोळी गाडीत चढवणारा हे सगळे एकमेकांच्या हाताशी असतात, एकाचं काम संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं. सेल्युलोसोमची रचना अशीच आहे. एका लांब प्रथिनाच्या कण्यावर नऊ जागा असतात आणि प्रत्येक जागेत एकेक विकर येऊन बसतं. एक साखळीच्या मधोमध घाव घालतं, दुसरं मोकळ्या झालेल्या टोकापासून तुकडे काढत जातं, तिसरं हेमिसेल्युलोजचं वेष्टन सोलतं. कण्याला स्वतःचा एक हात असतो, तो सेल्युलोजला घट्ट धरून ठेवतो. अशा सात कण्यांना धरणारं आणखी एक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असतं, म्हणजे एका ठिकाणी ६३ विकरं शेजारी शेजारी. आणि हा सगळा संच पेशी आणि काडी यांच्या मधोमध असल्याने सुटलेली साखर दुसऱ्या कुणाच्या तोंडी लागायच्या आत जीवाणूच्या पोटात जाते.

तीही एकेक रेणू करून नाही. सरासरी चार ग्लुकोज जोडलेले असलेला तुकडा तो एकदम आत ओढून घेतो आणि आत नेऊन तोडतो. आत ओढायला खर्ची पडणारी ऊर्जा चौघांत वाटली जाते, शिवाय तोडतानाही थोडी ऊर्जा वाचते. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाला ऊर्जेची चणचण कायमची असते, त्यामुळे ही काटकसर त्याच्या जगण्याचा आधार आहे.

याहून उष्णतेत राहणारा एक जीवाणू रशियात कामचाटकाच्या गरम झऱ्यांत सापडला आणि १९९० मध्ये त्याचं वर्णन झालं. कॅल्डिसेल्युलोसिरप्टर बेस्की हे त्याचं आजचं नाव, ७५ अंशांच्या थोडं पुढे त्याला सर्वांत बरं वाटतं. याच्याकडे सेल्युलोसोम नाही. एकाच प्रथिनात दोन-दोन कामं जोडलेली मोठी विकरं तो सोडतो. त्यातलं सेल-ए नावाचं विकर सेल्युलोजचा पृष्ठभाग नुसता खरवडत नाही, तर त्यात खड्डे पाडत आत शिरतं, असं २०१३ मध्ये दिसून आलं. पुढच्याच वर्षी जॉर्जिया विद्यापीठातल्या गटाने या जीवाणूत इथेनॉल करण्याचं जनुक बसवून, आम्लात न शिजवलेल्या गवतापासून थेट इथेनॉल मिळवून दाखवलं. प्रमाण थोडं होतं, पण शिजवण्याचा टप्पा टाळता येतो हे सिद्ध झालं.

उष्णतेवर एवढा भर का, हे कलबुर्गीत मे महिना काढलेल्या माणसाला पटवून द्यावं लागणार नाही. तिथे ४२-४३ अंश ही उन्हाळ्यातली नेहमीची गोष्ट. आंबवण्याच्या क्रियेतून उष्णता निघतच असते. बाहेर ४२ आणि टाकीत यीस्टसाठी ३२ हवे असतील, तर दिवसरात्र पाणी फिरवून टाकी थंड ठेवावी लागते, आणि शीतमनोऱ्यातून त्या पाण्याची वाफ होऊन जाते. हा कोरडा मुलूख आहे, इथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीही मारामार असते. टाकीच ६० अंशांवर चालणार असेल तर बाहेरची ४२ अंशांची हवा तिच्यापेक्षा थंड ठरते, आणि पाण्याचा तो खर्च बराचसा टळतो. हा फायदा पाश्चात्त्य लेखनात एखाद्या वाक्यात उरकलेला असतो, कारण थंड देशांत त्याचं मोल तेवढं नाही. माझ्या मते आपल्यासाठी तोच सर्वांत मोठा आहे. बाकीचे फायदेही आहेत. ६० अंशांवर नासवणाऱ्या आगंतुक जंतूंचा त्रास कमी होतो, पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, दाट काल्याचा चिकटपणा उतरतो, आणि इथेनॉल ७८ अंशांवर उकळत असल्याने गरम टाकीतून हलक्या निर्वातात ते ओढून घेणं सोपं जातं.

थर्मोसेलमवर आपल्या जवळपास काम झालेलं नाही असं मुळीच नाही. बीदरहून काही तासांच्या रस्त्यावर, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या जी. सीनय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात थर्मोसेलमचे नवे वाण वेगळे केले. त्यांना एसएस १९, एसएस २१, एसएस २२ अशी नावं आहेत, आणि शुद्ध सेल्युलोजबरोबरच नैसर्गिक काडीकचऱ्यावर ते किती इथेनॉल देतात याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. पुढे २०१० मध्ये त्याच विद्यापीठातून केळीच्या टाकाऊ भागांवर दोन उष्णताप्रिय जीवाणू जोडीने वाढवण्याचा प्रयोग आला. जोडी लागते, कारण थर्मोसेलम हेमिसेल्युलोज सोलतो खरा, पण त्यातली झायलोज स्वतः खात नाही. ती खाणारा सोबती बरोबर दिला तर दोघांचं भागतं आणि काडीतली दोन्ही प्रकारची साखर कामी येते.

मग ३० वर्षांत कारखाना का उभा राहिला नाही? पहिली अडचण अशी की जीवाणू आपल्यासाठी इथेनॉल करत नाही, स्वतःच्या जगण्यासाठी साखर मोडतो. त्यातून इथेनॉलबरोबर असेटिक आम्ल, लॅक्टिक आम्ल, फॉर्मिक आम्ल, हायड्रोजन असं सगळंच निघतं. अमेरिकेत डार्टमथ इथल्या ली लिंड यांच्या गटाने या आडवाटांची जनुकं एकेक करून काढून टाकण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. थर्मोसेलमच्या झायलोज खाणाऱ्या सोबत्याला, थर्मोअ‍ॅनेरोबॅक्टेरियम सॅकरोलिटिकमला, त्यांनी २००८ मध्ये जवळपास निव्वळ इथेनॉल करायला लावलं, लिटरला ३७ ग्रॅमपर्यंत. थर्मोसेलम मात्र लिटरला २० ते ३० ग्रॅमच्या पट्ट्यात अडकून आहे. लिटरला ४० ग्रॅमच्या खाली गेलं की ऊर्ध्वपातनाला लागणारी वाफ परवडत नाही, असा धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. आणि इथेनॉल वाढलं की जीवाणूच गुदमरतो. यीस्ट शंभराच्या वर ग्रॅम सोसतं. माणसाने हजारो वर्षं दारू गाळताना नकळत यीस्टची निवड केली, या जीवाणूंची कुणी केली नाही.

दुसरी अडचण लिग्निनची. ते हे जीवाणू खात नाहीत. काडी कोवळी असेल तर ते आतपर्यंत पोचतात, लाकडाळली असेल तर पृष्ठभागावरच अडतात. लिंड यांच्या गटाने यावर एक सरळ उपाय २०१७ मध्ये दाखवला. जीवाणू काडी खात असतानाच टाकीत ती दळत राहायची, म्हणजे नवे पृष्ठभाग सतत उघडे पडतात. गवतातल्या कर्बोदकांचं विघटन त्यामुळे जवळजवळ दुप्पट झालं. दळणाच्या त्या माऱ्यात यीस्ट टिकत नाही, थर्मोसेलम टिकतो. पण हे काम अजून प्रयोगशाळेच्या टप्प्यातलं आहे.

बीदर-कलबुर्गीची अडचण इथेच आहे. जी काडी जीवाणूला सहज पचते ती गुरांनाही पचते, म्हणून ती शिल्लक राहत नाही. शिल्लक राहतात तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे सर्वांत लाकडाळलेला माल. पाचट या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतं.

काडीपासून इथेनॉल करणारे मोठे प्रकल्प बाहेरच्या देशांत अडखळले. अमेरिकेत आयोवा राज्यात नेवाडा गावी ड्यूपाँट कंपनीने मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा प्रचंड कारखाना २०१५ मध्ये उघडला आणि दोनच वर्षांत बंद केला. पुढे जर्मनीच्या व्हर्बिओ कंपनीने तो विकत घेतला आणि तिथे मक्याच्या ताटांपासून गॅस करायला सुरुवात केली. याच कंपनीचा पंजाबात संगरूर जिल्ह्यात भाताच्या पेंढ्यापासून गॅस करणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. इथेनॉल सोडून गॅसकडे वळण्यामागचं कारण जीवाणूंच्या स्वभावातच आहे.

गॅसच्या टाकीत एकच जीवाणू नसतो, मोठी वस्ती असते. काही जण सेल्युलोज तोडतात, त्यांत थर्मोसेलमचे भाऊबंदही असतात. काही जण त्या साखरेची आम्लं करतात, काही त्या आम्लांचं असेटिक आम्ल आणि हायड्रोजन करतात. आणि शेवटची मंडळी, म्हणजे मिथेन करणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव, नेमकं हेच असेटिक आम्ल आणि हा हायड्रोजन खाऊन मिथेन सोडतात. इथेनॉलवाल्यांना जी उपउत्पादनं वर्षानुवर्षं छळत आली, ती इथे कच्चा माल ठरतात. जनुकं बदलायला नकोत, शुद्ध वाण सांभाळायला नको, टाकी निर्जंतुक करायला नको. गॅस स्वतःच बुडबुडे होऊन वर येतो, त्यामुळे ऊर्ध्वपातन नाही, आणि तो साचून कुणी गुदमरतही नाही.

घरामागचा गोबरगॅस हेच करतो, पण बाहेरच्या तापमानाला. म्हणून थंडीत गॅस कमी पडतो. टाकी ५५ अंशांवर ठेवली तर काडी फुटण्याचा वेग वाढतो आणि महिना-दीड महिन्याचं काम १५ ते २० दिवसांत उरकतं. टाकी त्या मानाने लहान पुरते. शिवाय बाहेर पडणाऱ्या रबडीतले रोगजंतू आणि गाजरगवतासारख्या तणांचं बी मरतं, हे शेतकऱ्याला कळणारं मोल आहे. उष्ण टाकी नाजूकही असते. तापमान दोन-चार अंशांनी वरखाली झालं तरी मिथेन करणारे रुसतात, नत्र जास्त झालं की अमोनियाने त्यांना त्रास होतो. म्हणून खाद्यात कार्बन आणि नत्राचं प्रमाण २० ते ३० ला १ असं राखावं लागतं. नुसत्या पाचटात कार्बन फार, म्हणून बरोबर शेण किंवा साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, लागतो. हा मुलूख साखर कारखान्यांचा असल्याने दोन्ही हाताशी आहेत.

टाकी गरम ठेवायची कशाने, हा प्रश्नही कारखान्याच्या आवारात सुटतो. मळीपासून मद्यार्क करताना लिटरमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी, निघतो, आणि तो ऊर्ध्वपातनाच्या स्तंभातून चांगला कढत बाहेर येतो. ३५ अंशांच्या टाकीत घालायचा तर तो थंड करावा लागतो. ५५ अंशांच्या टाकीला मात्र तीच उष्णता उपयोगी पडते. त्यात कुट्टी केलेलं पाचट मुरवत ठेवलं तर काडी ओली होते, गरम होते आणि थोडी सैलही होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी कंपनीबरोबर शेतातल्या काडीकचऱ्यासाठी सूक्ष्मजीवांचा खास समूह तयार केला आहे. विकरं न घालता आणि काडी न शिजवता पहिल्या टप्प्यात हायड्रोजन आणि दुसऱ्यात मिथेन, अशी ती पद्धत २०२१ मध्ये जाहीर झाली. इथल्या तुराट्यांवर अशी पद्धत किती चालते हे पाहायला कुट्टीयंत्र, एक छोटी तापवलेली टाकी आणि दोन हंगाम पुरेत. कलबुर्गीतली विद्यापीठं आणि बीदरची अभियांत्रिकी महाविद्यालयं यांना हे काम मुळीच अवघड नाही, आणि ते त्यांनीच करावं असं मला मनापासून वाटतं. आयत्या अहवालातले भाताच्या पेंढ्याचे आकडे तुराटीला लावून चालणार नाहीत.

उसाच्या रसावर इथेनॉलचा भार किती टाकायचा, हा प्रश्न ७ डिसेंबर २०२३ रोजी अचानक समोर आला. पाऊस कमी, साखर कमी होणार, म्हणून केंद्राने रसापासून इथेनॉल करणं थांबवायला सांगितलं. आठवड्याभरात आदेश सैल झाला, पण ज्यांनी कर्ज काढून त्यासाठी यंत्रं बसवली होती त्यांची झोप उडाली. काडीवर चालणाऱ्या टाकीला साखरेच्या भावाची अशी भीती नाही. तिची भीती वेगळी आहे, ती म्हणजे काडी मिळण्याची.

पानिपतच्या मापाचा प्रकल्प इथे कुणी सुचवला तर आधी शिवार मोजावं लागेल. पाचटाचा निम्मा भाग आच्छादन म्हणून रानातच ठेवून एकरी दीड टन उचलायचं ठरवलं, तर २ लाख टनांसाठी सव्वा लाखाच्या पुढे एकर ऊस लागेल. दिवसाला १० टन काडी खाणाऱ्या गॅसच्या टाकीला वर्षाला साडेतीन हजार टन पुरतात, म्हणजे सुमारे २,३०० एकर. एवढा माल एका कारखान्याच्या जवळच्या गावांतून बैलगाडी-ट्रॅक्टरने गोळा होऊ शकतो. ऑक्टोबरात सोयाबीनचं भुसकट, नोव्हेंबर ते मार्च पाचट, जानेवारी-फेब्रुवारीत तुराट्या, असा तो येत राहील. जूनपासूनच्या चार महिन्यांसाठी कोरडा साठा मृगाच्या आत छपराखाली गेला पाहिजे, आणि गंज्यांमध्ये आगीसाठी मोकळी जागा सोडली पाहिजे. काडी देणाऱ्याला टनाचा भाव ठरवताना त्याच करारात रबडी परत किती मिळणार हेही लिहून घ्यावं. काडीतला कार्बन गॅस होऊन जातो, पण नत्र, स्फुरद, पालाश रबडीतच राहतात, आणि ते ज्या रानातून आले त्या रानाच्या मालकीचे आहेत.